पहिला घास कुमुदिनीचा

कुमुदिनी कर्णिक ही मी पाहिलेली सगळ्यात भित्री बाई. हे मी तिच्या तोंडावर कितीदा तरी म्हटलं आहे आणि ती त्यावर कधी चिडली नाही. "असेन," एवढंच म्हणायची. पालीला ती घाबरत नाही, अंधाराला नाही, चालू रिक्षातून उतरायलाही नाही. ती घाबरते शिजवलेल्या अन्नाला. आणि अशा बाईने निवृत्तीनंतर काय काढावं, तर लोकांना गावोगावी जेवायला घेऊन जाण्याची सहल.

अंबरनाथच्या एकाच कारखान्यात आम्ही नोकरीला होतो. मी यंत्रविभागात अधिकारी, ती कँटीन सांभाळायची. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी कँटीनमध्ये कढी केली होती. पातेल्याची कल्हई उडालेली होती, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. कुमुदिनीने नेहमीप्रमाणे पळीभर चाखली, चव बरी लागली, म्हणाली, "वाढा." वीस मिनिटांनी तिलाच उलटी झाली. तोवर पहिली पंगत उठली होती. एकाहत्तर माणसं दवाखान्यात गेली. सगळी परत आली, पण एक म्हातारा हेल्पर तीन आठवडे पडून होता आणि ती रोज संध्याकाळी त्याच्या खाटेशी जाऊन बसायची. तेव्हापासून तिचा नियम झाला. चाखायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग ती "बसा" म्हणणार, आणि मग लोकांनी जेवायचं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात हे ठीक आहे, पण ही बाई ताक फुंकून वर अर्धा तास घड्याळाकडे बघत बसते, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

सहलीत माझं काम देवळाचं. सकाळी आठला शिवमंदिरापाशी लोक जमले की मी त्यांना दगडातली शिल्पं दाखवतो, गाभाऱ्यात पायऱ्या उतरून का जावं लागतं ते सांगतो आणि मोबाइल खिशात ठेवायला लावतो. मग आमची मिनीबस उल्हासनगर कॅम्प तीनला जाते. तिथे जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत एका टपरीवर दाल-पकवान. टपरीवाला कुमुदिनीला पाहिलं की आधी एकच प्लेट पुढे करतो. "पहले मॅडम, बाद में पब्लिक," म्हणतो आणि हसतो. मग बदलापूर सोडून बस गावांच्या बाजूला वळते. शहराची हद्द संपते तिथे रस्त्याच्या एका अंगाला बावीस मजली इमारतीची जाहिरात आहे आणि दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. त्या खाचरांच्या पलीकडे मोतीबाईचं घर.

मोतीबाई पंचाहत्तरीची आगरी बाई. शेवळांची भाजी करावी तर तिनेच. शेवळं म्हणजे जूनमध्ये जमिनीतून वर येणारे रानातले कोंब. चवीला मटणाच्या तोंडात मारतील, पण साफ करताना चुकलात तर घशात सुया टोचतात. वरची सालं काढायची, आतला पिवळा भाग खरवडून फेकायचा, आणि काकडं नावाची आंबट फळं घालून शिजवायचं. मोतीबाईने हे साठ वर्षं केलं होतं. तिने निवडलेली शेवळं तपासून बघायची तिची सून नेत्राचीही कधी छाती झाली नाही. सासूच्या हातचं निवडलेलं पुन्हा निवडणं म्हणजे त्या घरात अपमानच.

त्या रविवारी आम्हाला उशीर झाला. वाटेत एक ट्रक आडवा झाला होता. मोतीबाईच्या ओट्यावर पोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि अठरा माणसं भुकेने कावली होती. त्यांत डोंबिवलीचा पुष्कर म्हणून एक तरुण होता, सोबत सात वर्षांची मुलगी ओवी. ओवीने सकाळपासून मला एकोणीस प्रश्न विचारले होते. नंदीला शिंगं किती वर्षांनी येतात, हा त्यांतला एक. माझी तिच्याशी गट्टी जमली होती.

केळीच्या पानांवर तांदळाच्या भाकरी वाढल्या गेल्या. भाजी आली. वास असा की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. कुमुदिनी नेहमीसारखी चुलीपाशी पाटावर बसली, भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेतली, खाल्ली आणि थांबली.

मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली. ओवी म्हणाली, "आजोबा, पोटात दुखतंय भुकेने." एका बाईंनी मला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला. मी कुमुदिनीकडे पाहिलं. तिचा हात गळ्याशी गेला होता. पण तो दर रविवारी जायचा. दाल-पकवानालाही जायचा, साध्या कोशिंबिरीलाही जायचा. तिने मान हलवली, नाही अशी. तशी मानही ती दर रविवारी हलवायची, माझी घाई पाहून.

साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्या बाईकडे किती दिवस लक्ष द्यायचं, असं माझ्या मनात आलं. हो, अगदी हेच शब्द. मी पानांकडे वळलो आणि म्हणालो, "बसा हो मंडळी, सुरू करा. मोतीबाईच्या हातचं खाऊन कोणाला काही होत नाही."

पुष्कर तेव्हा घरामागे हात धुवायला गेला होता. सगळ्यांत आधी ओवीने घास घेतला. मग दुसरा.

मागे काहीतरी धडकन पडलं. कुमुदिनीने भाजीचं पातेलं लाथेने उलटवलं होतं. ती उभी होती, तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. ती एकेकाच्या हातातला घास हिसकावून फेकत सुटली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. आणि तेवढ्यात ओवी ओरडली.

असलं ओरडणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. ती दोन्ही हातांनी जीभ ओढत होती. ओठ बघता बघता सुजले. तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हती. आणखी दोघातिघांच्या घशाला खाज सुटली होती, पण मोठी माणसं ती, ताक आणि कोकम पिऊन सावरली. ओवीला ताक पाजलं तर ते बाहेर आलं. मग तिच्या श्वासाला आवाज यायला लागला, बारीक शिट्टीसारखा. माझी पाचावर धारण बसली. मी ओट्याचा खांब धरून उभा राहिलो.

मोतीबाईच्या मुलाची, अल्पेशची, गाडी दारात होती. मागे कुमुदिनी ओवीला मांडीवर घेऊन बसली, शेजारी पुष्कर, पुढे मी. बदलापूरच्या दवाखान्यापर्यंत एरवी वीस मिनिटं. पण रविवार होता, धरणाकडून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. अल्पेश हॉर्न वाजवत होता, खिडकीतून ओरडत होता, "अरे भाई, पोरगी सिरियस है, साईड दे ना." कोणी दिली, कोणी दिली नाही. मला मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. मी फक्त ती शिट्टी ऐकत होतो. ती वाजत होती तोवर मुलगी होती. एका वळणावर ती थांबली. मी डोळे मिटून घेतले. मग पुन्हा वाजली. त्या रस्त्यावर असं तीनदा झालं.

कुमुदिनीने तिला उभं धरलं होतं, पदराने लाळ पुसत होती आणि फुटक्या आवाजात सारखं एकच बोलत होती, "नाकाने घे बाळ, नाकाने. माझ्याबरोबर घे." तिच्या घशातही तेच टोचत होतं. ते माझ्या लक्षात आलं दवाखान्यात पोचल्यावर. नर्सने तिच्याकडे पाहून विचारलं, "यांनीपण खाल्लंय का?"

ओवीला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरेल, पण आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो." दोन तास आम्ही बाकावर बसून होतो. पुष्कर येरझाऱ्या घालत होता. मग तो समोर येऊन उभा राहिला.

"कुमुदिनीताई, तुमचं सगळं चेक झाल्याशिवाय जेवायचं नाही, असं तुम्हीच सकाळी बसमध्ये सांगितलं होतं ना? मग 'बसा' कोणी म्हटलं?"

मी मान खाली घातली. आता बोलायला हवं होतं.

"सहल माझी आहे," कुमुदिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जबाबदारी माझी."

आणि मी गप्प राहिलो. पस्तीस वर्षं कारखान्यात माणसांवर खेकसलेला मी, त्या बाकावर तोंड शिवून बसलो. दुसऱ्या दिवशी पुष्करला फोन करून मी खरं सांगितलं, त्याने मला काय म्हणायचं ते म्हटलं आणि ते योग्यच होतं. पण ती वेळ गेली ती गेलीच.

साडेसहाला ओवीने डोळे उघडले आणि खरखरीत आवाजात विचारलं, "आजोबा, नंदीला घसा असतो का?" माझ्या जिवात जीव आला आणि मी लहान मुलासारखा रडलो.

बुधवारी कुमुदिनी मला घेऊन मोतीबाईकडे गेली. आता ती म्हातारीला कामावरून काढणार, अशी माझी खात्री होती. तिने पिशवीतून बदलापूरच्या बाजारातून आणलेली शेवळं काढली आणि मोतीबाईसमोर ठेवली. म्हणाली, "मावशी, एक निवडून दाखवा."

मोतीबाईने सालं सराईतपणे सोलली. मग बोटं थांबली. ती कोंब डोळ्यांशी नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ आणून बघत राहिली. पिवळा भाग तसाच होता, मला हातभरावरून दिसत होता. तिने कोंब खाली ठेवला.

"पिवला काय न हिरवा काय, मना सगला सारखाच दिसतंय गो बाय," ती म्हणाली. "दोन वर्सां झाली. सांगितला असता तर तुमी मना चुलीपाशी बसू दिला नसता."

दारात उभी असलेली नेत्रा रडायला लागली. "आई, मला तरी सांगायचं ना. मी काय परकी आहे?"

कुमुदिनी जमिनीवर बसली, मोतीबाईचे हात तिने हातात घेतले. "तुम्ही भ्यायलात, होय ना?" तिने विचारलं.

"भ्याले."

"मीपण भिते मावशी. त्यात काय." मग ती व्यवहाराचं बोलली. निवडणं नेत्राचं, रांधणं मोतीबाईचं, आणि पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मोतीबिंदू आहे की आणखी काही ते तो सांगेल. चुलीवरून मोतीबाईला कोणी उठवणार नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

सहल बंद पडेल असं मला वाटलं होतं. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी सहाजण आले. शेवळं संपली होती, मोतीबाईने टाकळ्याची भाजी केली होती. टाकळ्याने कोणाला काही होत नाही, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल.

कुमुदिनी पाटावर बसली. मी तिच्या शेजारी दुसरा पाट ओढला आणि म्हणालो, "आजपासून मीही चाखणार." तिने माझ्यापुढे भाकरीचा तुकडा सरकवला.

मी घास घेतला. चांगला लागला. गिळला. समोर ओट्यावर सहा माणसं पानांसमोर बसली होती, त्यांत एक जोडपं होतं, बाईला दिवस गेलेले दिसत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि माझ्या घशात काहीतरी टोचलं. एकदा, मग पुन्हा. कानामागे घाम आला. नाही, टाकळा आहे, मी स्वतःला सांगितलं. तरी टोचतच होतं. हात आपोआप गळ्याशी गेला.

कुमुदिनी माझ्याकडे बघत होती. तिचाही हात गळ्याशी होता.

"असंच होतं?" मी हळूच विचारलं.

"असंच."

"दर रविवारी?"

"दर घासाला, साठेसाहेब," ती म्हणाली. "घड्याळ बघा. अजून बावीस मिनिटं आहेत."