त्या हंगामाचं सीतादही

तेल्हाऱ्याकडे आमच्या गावात कापसाची वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. वावरातलं एक चांगलं झाड निवडायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवेद दाखवायचा, अन् वेचणाऱ्या बायांतल्या एका सवाष्णीनं पहिलं बोंड वेचायचं. त्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही. आमचा मालक भाव मोबाईलवर पाहतो, पण सीतादही झाल्याबिगर मालकीण कोणाला वावरात शिरू देत नाही, म्हणजे नाही.

आमच्या टोळीत हा मान माझ्या मैत्रिणीचा. मी विधवा, मला कोण विचारतं! आम्ही दोघी एकाच साली सुना म्हणून गावात आलो. तिची पोरगी तर माझ्याच हातावर झाली.

गेल्या हंगामात बायांनी ठरवलं, वेचाईचा भाव वाढवून घ्यायचा. तेल महाग, साखर महाग, आमचीच बोटं तेवढी स्वस्त. देवळाच्या ओट्यावर बसलो तेव्हा मीच म्हटलं, "कोनी भांडू नका. फक्त सीतादही करू नका. मंग पाहू मालकीन कशी वेचाले लावते!"

"बाप्पा! म्हातारीचं डोकं पाहा कसं चालते," एक जण म्हणाली, अन् सगळ्या हसल्या.

मैत्रिणीनं माझा हात धरला. "मी पूजा करत नाही म्हनजे नाही. तुयी शपथ."

वावरं पांढरी झाली तरी आम्ही घरीच. मालकाचा माणूस चकरा मारून गेला. आम्ही एकमेकींच्या अंगणात शेंगा फोडत बसलो, जसं काही घरात लग्न निघालं.

मग एका सकाळी बकरी घेऊन बांधावर गेले, तर वावरात जीप उभी. डोंगरातल्या धारणीकडच्या बाया कापूस वेचत होत्या. मला वाटलं, मालकिणीनं रीत सोडली. पण झाडाला ताजं कुंकू होतं, खाली पळसाच्या पानावर दहीभात होता. अन् माझी मैत्रीण पदर खोचून ओरडून राहिली होती, "पत्ती नको येऊ देऊ वं कापसात!"

तिनं मला पाहिलं अन् तोंड फिरवलं. बकरीच मला ओढून राहिली होती.

संध्याकाळी ती प्रसाद घेऊन माझ्या दारात आली.

"कावून केलं वं असं?"

"पोट्टीचं नर्सिंगचं पक्कं झालं अमरावतीले. फी कुठून भरू? मालक म्हने, जीप भरून बाया आन, पूजा तू कर, मुकादमी कायमची तुयी. पोट्टीनं बी जन्मभर बोंडंच वेचाव काय?"

"मंग मले येऊन सांगाचं होतं."

"तू थांबवलं असतं."

"हावो, थांबवलं असतं."

"अन् मी थांबली असती," ती म्हणाली. "म्हनूनच नाही सांगितलं."

प्रसाद उंबऱ्यावर ठेवून ती गेली. मी तो खाल्ला नाही, बकरीलाही चारला नाही. मुंग्यांनीच नेला.

तुम्ही म्हणाल, पोरीसाठी केलं तिनं. मला काय कळत नाही? ती पोरगी शिकावी असं मलाही वाटत होतं. पण आम्हा सगळ्यांच्या पाठीवर पाय देऊन, अन् वरून माझी शपथ घेऊन! धारणीच्या बायांवर राग काढावा, तर त्या आमच्याहून गरीब. इथं भावासाठी बाया घरी बसल्या आहेत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हळूहळू एकेक बाई जुन्याच भावात कामावर गेली. घरातलं पीठ संपलं तशी मीही गेले.

मैत्रिणीनं आपल्या बाजूची ओळ माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. "ये वं, इकडे ये," म्हणाली, काही झालंच नाही अशी.

मी कमरेला कापसाची ओटी बांधली अन् पार नाल्याकडची ओळ धरली. दिवसभर तिचा आवाज वाऱ्यावर येत राहिला. मी मान वर केली नाही.