अक्काचा गुलाब आणि प्लेगचं साल

फुलझाडं उन्हाने कमी मरतात आणि पाण्याने जास्त मरतात, हे आमच्या सुनेला सांगून सांगून माझी जीभ झिजली. ती सकाळी तांब्या घेऊन निघते, दुपारी निघते, दिवेलागणीला पुन्हा निघते आणि मोगरा पिवळा पडला की मलाच विचारते, "याला झालं काय?" झालं काय म्हणजे? बुडवलास तू त्याला. कौतुक करायचं तर लांबून करावं, पण सांगणार कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेही मोगऱ्याच्या वाटणीचं.

माझ्या मायची रीत सोपी होती. मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला ओली माती लागली तर त्या दिवशी पाणी नाही. बोट कोरडं निघालं तर पाणी, तेही ऊन चढायच्या आत आणि बुडाशी, पानांवर शिंपडून नव्हे. आमचं गाव गेवराईहून चकलांब्याकडे जाणाऱ्या वाटेवर होतं आणि तेव्हा निजामाचं राज्य होतं. राज्य कुणाचंही असो, माती काळीच होती. पावसाळ्यात ती पाणी धरून बसायची आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. अशा मातीत फुलझाडाची मुळी एकतर कुजते नाहीतर तुटते. म्हणून माय तिच्यात नदीची वाळू आणि जुनं, भुगा झालेलं शेणखत मिसळायची. ताजं शेण घालणाऱ्या बायकांचा तिला भारी राग यायचा. "पोराला कच्चं पीठ चारतीस का गं?" असं ती एकीला भर पाणवठ्यावर म्हणाली होती.

राकेलच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने बुडाला भोकं पाडून, भोकांवर खापराचे तुकडे ठेवून ती त्यात मोगरा आणि शेवंती लावायची. मोगऱ्याला पौषात पाणी तोडायची. पानं ओरबाडून त्याला पार भिकारी करून टाकायची, आणि मग माघात खत घालून पाणी सोडायची. उन्हाळ्यात त्याला पानांपेक्षा कळ्या जास्त यायच्या. शेवंतीवर मावा पडला की सकाळच्या दवात चुलीतली राख उधळायची. डाळ धुतलेलं पाणी कधी मोरीत गेलेलं मला आठवत नाही.

माझे वडील, आबा, शिंपीकाम करायचे. ओसरीवर हाताने फिरवायचं मशीन, त्याच्यासमोर ते, आणि त्यांच्या तोंडात सदा एक दोरा. कापडाची कात्री हा त्यांचा देव. एकदा मायने त्या कात्रीने शेवंतीची वाळकी फुलं खुडली, तर आबांनी दिवसभर अन्नाला हात लावला नाही. झाडांवर त्यांचं मत एकच. "फुलं काय भाकरीला लावून खायची का?" असं ते गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, आणि माय आतून तितक्याच मोठ्याने म्हणायची, "मग गिऱ्हाइकाला वास कशाचा देता, घामाचा?" त्यांचा संसार असाच चालायचा आणि बरा चालायचा.

मोरीचं पाणी जिथे अंगणात उतरायचं तिथे एक गुलाब होता. गावठी, फिकट गुलाबी, वासाचा. तो माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने लावलेला. सासरी जायच्या आधीच्या पावसाळ्यात ती बागवानांच्या घरून एक काडी घेऊन आली, तिला तिरपा काप देऊन तिने ती ओल्या मातीत खोचली, आणि वर शेणाचा गोळा लावला. काडी धरली. अक्का तेलगावकडे नांदायला गेली आणि पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. गुलाब राहिला.

त्यानंतर आबांनी अक्काचं नाव काढलं नाही. मशीनची जागासुद्धा त्यांनी बदलली, गुलाबाकडे पाठ येईल अशी. त्यांना ते झाड डोळ्यांपुढे नको आहे असं आम्ही दोघींनी धरलं. माय मात्र त्याचं सगळं करायची. दसरा झाला की विळ्याने छाटायची. कात्रीला हात लावायची सोय नव्हती. फुटीचा डोळा बाहेरच्या अंगाला असेल तिथे त्याच्या वर तिरपा काप, म्हणजे फांदी आत न वळता बाहेर फुटते. वाळलेलं फूल झाडावर ठेवायचं नाही, नाहीतर झाड बी धरायच्या नादाला लागतं आणि नवी कळी काढत नाही. हे सगळं मी तिच्याकडून त्या एका झाडावर शिकले. अक्काविषयी ती बोलायची तेही तिथेच, हात चालू ठेवून. माझं लग्न झालेलं होतं, पण अजून सासरी नांदायला गेले नव्हते, आणि तिच्या त्या बोलण्याची मला भीती वाटायची हे खरं.

त्या साली शिमग्याच्या आधी गावात उंदीर पडले. उंदीर पडला म्हणजे काय करायचं ते लहान पोरालाही ठाऊक होतं. दोन वेळची भांडी, अंथरूण आणि जनावरं घेऊन सगळ्यांनी गाव सोडायचं आणि माळावर कडब्याच्या झोपड्या घालून साथ सरेपर्यंत राहायचं. वेशीवर पहारेकरी बसायचा आणि कुणाला आत सोडायचा नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही तर काय होतं तेही लगेच दिसलं. आमच्या आळीतला एक धडधाकट माणूस जमिनीखालच्या पेवातली ज्वारी काढायला म्हणून हळूच आत गेला, जांघेत गाठ घेऊन परत आला, आणि आठवडा संपायच्या आत त्याला जाळून आले.

राकेलचे डबे मायने बैलगाडीत घातले. आबा म्हणाले, "आगं, माणसं मरायलीत अन् तू शेवंती काहून घेतीस?" पण डबे त्यांनीच उचलून दिले. गुलाबाचं मात्र काय करणार? जमिनीत खोल गेलेलं झाड चढत्या उन्हात उपटून हलवलं की मेलंच. मायने त्याच्या चार काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि झाडापुरती एक युक्ती केली.

उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात. तिवईवर मडकं, मडक्याला बुडाशी भोक, भोकात वात, आणि थेंब थेंब पाणी पिंडीवर. मायने घरातल्या मडक्याला तसंच भोक पाडलं, चिंधीची वात घट्ट खोचली आणि तिवई गुलाबाच्या बुडाशी मांडली. खाली कडब्याच्या चिपाडांचा जाड थर पसरला, म्हणजे पडलेला थेंब उडून जाणार नाही. ती मडकं भरत होती आणि नेमका देवळातला गुरव दारावरून चालला होता.

"बाई, गळती देवाची आसती. झाडाला लावत्यात व्हय?"

"देवाला दोन दिस पाणी न्हाई मिळालं तर देव वाळत न्हाई," माय म्हणाली. "ह्यो वाळतो."

गुरव चडफडत गेला आणि माळावर पोचेपर्यंत त्याने ते गावभर केलं. आबा गाडीजवळ पाठ करून उभे होते.

माळावरचे दिवस लांबत गेले. मायने झोपडीच्या सावलीला काड्या खोचल्या होत्या, त्या एकेक करून काळ्या पडल्या. कलम लावावं ते पावसाळ्यात, फार तर थंडीत. चैत्राच्या तोंडाला काडी धरत नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने लावल्या होत्या. मडक्यातलं पाणीही कधीच संपलं असणार. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "वाळला आसंल आता. सुटला बिचारा." आबा समोर बसून कुणाच्या तरी बंडीला गुंड्या लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचा त्या वेळी फार राग आला. इतकं दगड असू नये माणसाने, असं मला वाटलं.

आबा दुपारचं जेवण करून रोज शेजारच्या वाडीला जायचे. तिथे शिवणाचं काम मिळतं असं सांगायचे. साथीत नवे कपडे कोण शिवून घेतो, हे आम्हाला सुचायला हवं होतं. पण झोपडीत बसून कुढण्यापेक्षा माणूस हिंडलेला बरा, म्हणून माय काही विचारत नव्हती.

मग एका दिवशी वेशीवरचा पहारेकरी फाटका सदरा शिवून घ्यायला आमच्या झोपडीवर आला. आबा नव्हते. तो दारात उकिडवा बसला, पाणी प्याला, आणि जरा घुटमळून म्हणाला, "वयनी, येक सांगू का? दादाला जरा आवरा. रोज दुपारी गावकुसाच्या पडक्या भिताडावरून आत उतरत्यात. म्या दोनदा हटकलं तर म्हनले, पोरीला पानी पाजून येतो. म्या काय बोलावं? मागल्या वर्सी माझी बी लेक गेली."

माय पीठ मळत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं ती रडेल, आणि मी तर रडायलाच लागले होते. आबांना मी मनातल्या मनात दगड म्हणत होते आणि हा माणूस ज्या झाडाकडे पाठ करून बसायचा त्यालाच महिनाभर मरणाच्या गावात जाऊन पाणी घालत होता! मला इतकं भरून आलं की आबा परतल्यावर त्यांच्या पाया पडावं असं वाटलं.

मायच्या तोंडावर यातलं काही नव्हतं. "कात्री नेतेत का संग?" तिने विचारलं.

"हाय की. कात्री आन् घागर."

"बरं," माय म्हणाली, आणि तिने पुन्हा पीठ मळायला घेतलं. एरवी भांडं पडलं तरी आळीला ऐकू जाईल असं बोलणारी बाई त्या रात्री नुसत्या भाकऱ्या थापत राहिली. आबांना तिने नेहमीसारखं वाढलं.

सकाळी आबा जनावरांना पाणी दाखवायला ओढ्यावर गेले आणि तिने कुदळ आणि विळा घेतला. मी मागे निघाले तर म्हणाली, "वेशीपस्तोर ये. आत पाय टाकलास तर तंगडं मोडीन." वेशीवर पहारेकरी उठून उभा राहिला. मायने त्याच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. मी बाहेर बसून राहिले. आत गावात कुठे आवाज नव्हता, आणि मग कुदळीचे घाव ऐकू आले.

ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर भारा होता. गुलाब होता तो, मुळीसकट. आबांनी काय ठेवलं होतं झाड! पानांवर धुळीचा कण नाही, वाळकं फूल एक नाही, प्रत्येक काप तिरपा आणि स्वच्छ, आणि झाड वरपासून खालपर्यंत फुललेलं. मायच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते. वाटेत पाकळ्या पडत होत्या आणि ती मागे वळून पाहत नव्हती.

"माय, येक काडी तरी ठिव," मी म्हटलं. "पावसाळ्यात लावू."

"काडी ठिवली की ते तिला बी पानी घालायला गावातलं मडकं आनायला जातील. तुला तुझा बाप कळला न्हाई आजून."

झोपडीत आल्यावर तिने विळ्याने फांद्यांचे तुकडे केले आणि चुलीत सारले. ओलं लाकूड धड पेटेना. धुराने झोपडी भरली आणि धुरातच मधून मधून गुलाबाचा वास यायचा. ती फुंकत राहिली. त्या जाळावर तिने भाकरी टाकली.

आबा ओढ्यावरून आले. त्यांनी चुलीपाशी पडलेली फुलं पाहिली, मुळी पाहिली, आणि ते जागच्या जागी खाली बसले. आबांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. अक्काची खबर आली तेव्हाही नाही.

"पोरीचं झाड होतं गं ते," ते म्हणाले. "तिचं तेवढंच राह्यलं होतं."

मायने भाकरी तव्यावरून काढली, त्यांच्या ताटात टाकली आणि ओरखडलेल्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"व्हय. झाड तिचं व्हतं," ती म्हणाली. "तुमी हिचे हायत. जेवा."