दाढी मिस्त्रींचं कडू तोंड

गाड्या रंगवण्यात दाढी मिस्त्रींचा हात धरणारा गॅरेजात कोणी नव्हता. छातीवर रुळणारी दाढी आणि तोंडाला बांधलेला रुमाल, एवढ्यावर त्यांनी बावीस वर्षं काढली. रंग लवकर कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळायचा आणि फवारा सुरू! मास्कचं नाव काढलं की म्हणायचे, "आमची दाढीच गाळणी आहे."

मग खोकला सुरू झाला. एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, कुकर तर लावलेला नाही, मग शिट्टी कुठून येतेय?"

शिट्टी मिस्त्रींच्या छातीतून येत होती.

डॉक्टरांनी बजावलं, "हा हार्डनरचा प्रताप. त्याचा धड वासही येत नाही. एकदा शरीराला वावडं झालं की थोड्याशानंही दम लागेल. तुम्ही अजून काठावर आहात. नळीतून स्वच्छ हवा येणारा मास्क लावा."

मालकांनी मास्क मागवला. तो नीट बसतो का, हे पाहायला मास्कवाल्या बाई आल्या. मिस्त्रींनी दाढी गुंडाळून मास्कच्या आत कोंबली. उशी गिळल्यासारखे दिसू लागले. बाईंनी मास्कवरून त्यांच्या डोक्यावर मानेपर्यंत येणारं पारदर्शक टोपडं चढवलं आणि आत कडू पाण्याचा फवारा मारला.

"कुठे फट नसेल तर चव लागणार नाही. लागतेय का?"

"छे!"

"मग डोळे का मिटलेत?"

"ध्यान लागलंय."

"आणि थुंकताय कशाला?"

मिस्त्री निमूटपणे न्हाव्याकडे गेले. घरी आल्यावर बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांची हनुवटी पाहिली. दिवा लावून, दोन्ही बाजूंनी पाहिली.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हातमोजे, अंगभर सूट आणि मास्क घालून मिस्त्रींनी एक लाल गाडी रंगवली. काम संपताच चकाकी बघायला, रुमाल काढायच्या सवयीनं हात मास्ककडे गेला. रंगकामाच्या खोलीच्या काचेबाहेरून मालक ओरडले, "हात खाली! फवारा दिसत नाही म्हणजे गेला असं नाही. पंख्याला हवा ओढू द्या."

मिस्त्री हात मागे बांधून, शिक्षा झाल्यासारखे गाडीसमोर उभे राहिले. मालकांनी खूण केल्यावरच मास्कसकट बाहेर आले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना श्वासाचा जोर मोजणाऱ्या एका नळीत जोरात फुंकायला लावलं. काटा आधीपेक्षा बराच वर चढला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "पण मास्क सोडायचा नाही."

"नाही सोडणार," मिस्त्री म्हणाले, आणि नळीही सोडेनात. "अजून एकदा फुंकू का? आत्ता नीट तयारी नव्हती."