सेन्सरच्या काचेवर कुंकू

दोस्तहो, आज डोकंच फिरलं माह्यं. दारव्ह्याच्या पाईप कारखान्यात प्लास्टिकचे दाणे टाकीत ओढणारा लोडर सकाळपासून बंद होता. टाकी रिकामी, पण कंट्रोलर म्हणते टाकी भरली आहे. वायरी तपासल्या, दहादा रिसेट मारलं, फॉल्ट काही जाईना. बाहेर ट्रक उभा अन् मालक माह्या डोक्यावर.

शेवटी टाकीच्या तोंडाशी बसवलेला, आत पाहणारा सेन्सर तपासला. त्याच्या काचेवर कालच्या दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू थापलेलं. त्याले वाटे, समोर दाणेच आहेत. काच पुसली अन् लोडर सुरू झाला.

हात धुऊन आलो, तर ऑपरेटर रामदासभाऊ त्याच काचेले पुन्हा कुंकू लावून राह्यले.

“भाऊ, कायले?”

“मशीन सुरू झाली ना साहेब. मंग देवाले विसरायचं का?”

सांगा, आता याचं रिसेट कुठून मारू?