तिसऱ्या कपावरची बशी

मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालेले नव्हते. वडील कामठीला माग चालवत. अध्यापक महाविद्यालयाच्या अर्जाला चारित्र्याचा दाखला हवा होता, तोही प्रतिष्ठित व्यक्तीचा. आणि तिथल्या ऑफिसच्या लेखी प्रतिष्ठित असे आमच्या ओळखीत कोणीच नव्हते. शेवटी माझ्या सरांनी एका निवृत्त शाळा तपासनीस बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

बाईंचा बंगला कन्हान नदीच्या बाजूला शेतांमध्ये एकटाच उभा होता. कोण्या गोऱ्या साहेबाने बांधलेला, दगडी, कौलारू. ‘चारला चहाला ये,’ असा निरोप होता.

व्हरांड्यात म्हातारा खानसामा टेबल मांडत होता. लोकरी टोपी घातलेली किटली, काकडीचे पातळ सँडविच, तीन कपबश्या. मी जवळच्या खुर्चीला हात लावला.

“तिथं नको बसू वं पोरी. ती बाईच्या भावाची हाये.”

“ते येणार आहेत का?”

“खाणीत इंजिनियर होते. चारले चहाले येतो म्हणून गेले, अन् खाण खचली, ते आतच राह्यले. वीस वर्सं झाले.” त्याने एक सँडविच सरळ केले. “अन् बशीत ओतून पिऊ नको. बाई पाह्यत राह्यते.”

बाई आल्या. खानसाम्याने तिन्ही कप काठोकाठ भरले. बाई माझ्याशी बोलत, मध्येच रिकाम्या खुर्चीकडे वळून थांबत, मान हलवत आणि पुढे बोलू लागत. वारा पडला होता. आवारात एकही पाखरू ओरडत नव्हते. दाखल्याचा कागद त्यांच्यापुढे होता, पेनाचे टोपण काढलेले.

इतक्यात तिसऱ्या कपाभोवती माशी घोंगावली आणि मी सवयीने त्याच्याखालची बशी काढून वर झाकली.

“हे काय केलंस?”

“जो यायचा असतो त्याचा चहा आम्ही झाकून ठेवतो,” मी म्हणाले. वडिलांना मागावरून यायला उशीर झाला की आई तसेच करायची.

बाईंनी पेनाला टोपण लावले. “म्हणजे तो आलेला नाही, असं तुझं म्हणणं.”

आले आहेत म्हटले असते तर सही मिळाली असती. पण चारित्र्याच्या दाखल्यासाठी खोटे बोलायला जीभ रेटेना. मागे उभ्या खानसाम्याने डोळे मिटून घेतले. निदान चूक निस्तरावी म्हणून मी बशी उचलली.

गरम चहावर झाकलेल्या बशीला आतून घाम येतो. ही कोरडी ठणठणीत होती. कप अर्धा रिकामा होता.

“काय दिसतं?” बाईंनी विचारले. त्या कपाकडे बघतच नव्हत्या.

“त्यांनी घेतला,” मी म्हणाले.

बाई खुर्चीकडे वळल्या, थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी सही केली. “तो म्हणतो, मुलगी खरं बोलते.”

त्या दाखल्यावर मला प्रवेश मिळाला, पुढे शाळेत नोकरी लागली. ते उपकार मी कधी विसरले नाही. त्या दिवशी निघताना मी बाईंच्या पाया पडले. मग त्या खुर्चीपुढेही वाकले. हात कुठे लावायचे, ते मला शोधावे लागले नाही.