जावयाच्या हातातला पाना

माझ्या सासऱ्यांकडे पेट्रोलवर चालणारा ट्रक होता. हे सांगितलं की ऐकणारा आधी माझीच चूक काढतो, की ट्रक डिझेलवर चालतो. पण हा लष्कराच्या लिलावातून आणलेला, जुना, बुटका, सहा सिलिंडरचा ट्रक होता आणि तो पेट्रोलच प्यायचा, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा. सिन्नरच्या पलीकडे सासऱ्यांचं गाव, तिथून भाजीपाला बाजारात न्यायला त्याचा उपयोग. पेट्रोलचं इंजिन म्हणजे ठिणगी पाडणारे प्लग आले, आणि प्लग आले म्हणून मी त्यात सापडलो.

मी सातपूरला एका कारखान्यात होतो. कारखान्यात म्हणजे टाइम ऑफिसात. कोण कधी आत आला, कोण उशिरा आला, हे लिहायचं. यंत्रांचा आवाज मला भिंतीपलीकडून यायचा. पण सासुरवाडीला "जावई सातपूरला कंपनीत आहेत" अशी माझी ओळख करून दिली जायची आणि मग पाण्याच्या मोटारीपासून टेपरेकॉर्डरपर्यंत सगळ्यावर माझं मत विचारलं जायचं. मी द्यायचो. "बेअरिंग गेलेलं दिसतंय" हे वाक्य फार कामाचं आहे. ते सहसा कुणी खोडून काढत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. धाकट्या मेहुणीला नर्सिंगच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं. सोमवारी, नाशिकला, अकरा वाजता. तिला मनमाडचं एक स्थळही सांगून आलं होतं, मुलगा रेल्वेत. त्या लोकांना सासऱ्यांनी या मुलाखतीपुरतं थांबवून धरलं होतं. जागा मिळाली तर पोरगी शिकेल, नाही मिळाली तर लग्न. एवढं सरळ होतं. मला कचेऱ्यांची माहिती, म्हणून तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं आणि मी रजा टाकून बायकोसह रविवारीच जाऊन राहिलो.

सकाळी सातची एसटी होती. ती माझ्या सांगण्यावरून सोडली. घरचा ट्रक असताना पोरीने गर्दीत इस्त्रीचे कपडे चुरगाळत कशाला जायचं, असं मी म्हणालो होतो. त्यानंतरची एसटी थेट दुपारची.

आठ वाजता मेहुण्याने ट्रक सुरू केला तर इंजिन लंगडत होतं. सहातला एक सिलिंडर काम करत नव्हता. मेहुणा म्हणाला, प्लग काळा झाला असेल, पण पाचावरही गाडी जाईल, घाटात जरा रखडेल एवढंच. त्याचा रोजचा अनुभव होता. मी मात्र बाह्या सरसावल्या.

"आण इकडे पाना."

आता आठवलं की कळतं, त्या अर्ध्या तासात घरातल्या प्रत्येकाने मला थांबवायचा प्रयत्न केला होता. सासरे म्हणाले, उन्हात कशाला उभे राहता. सासूबाईंनी चहा पाठवला, पाठोपाठ पोहे. बायको दारातून दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, अहो, शर्ट खराब होईल. मेहुणा तर माझ्या कोपराला लागून उभा राहून म्हणत होता, दाजी, इंजिन गरम हाय, जरा निवू द्यायचं का? मला वाटलं, काय मान आहे आपल्याला इथे. जावयाला कामाला लावलं म्हणून सगळे अवघडलेत.

प्लग हलेना. पाना लहान पडतोय असं मी जाहीर केलं आणि त्याच्या दांड्यात हातभर पाइप घालायला लावला. मेहुण्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी जमिनीकडे. मग त्याने पाइप आणून दिला. मी पाय रोवले, जोर लावला, आणि कट् असा आवाज झाला. बारीक, सुपारी फुटल्यासारखा. पाना एकदम मोकळा फिरला. तो वर काढला तर त्यात चिनीमातीसकट प्लगचं डोकं होतं आणि आट्याचं कडं खाली इंजिनात तसंच रुतून बसलं होतं.

मेहुणी ओट्यावर बसली होती, मांडीवर फाइल, वेणीला नवी रिबीन. ती माझ्या हाताकडे बघत होती. सगळेच बघत होते, पुढे काय करायचं ते मी सांगणार म्हणून. आता गाडी पाचावरही जाणार नव्हती. त्या भोकातून सगळा दाब बाहेर गेला असता. बेअरिंगचं वाक्यही इथे चालण्यासारखं नव्हतं.

शेवटी मी सासऱ्यांना म्हणालो, "मामा, मला यातलं काही कळत नाही. मी हजेरी लिहितो."

सासरे अगदी शांतपणे म्हणाले, "ते आम्हाला म्हाईत हाय. सोयरीक जुळवताना कंपनीत जाऊन चौकशी केली होती की."

"मग पाना का दिलात?"

"जावयानं मागितला, तर नाय कसं म्हणायचं?"

ओट्यावरून मेहुणी म्हणाली, "मला तरी सांगायचं होतं. मी काढून घेतला असता."

त्या घरात तोपर्यंत माझ्याशी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

मग मेहुण्याच्या हाती पाना आला. त्याने कड्याभोवती रॉकेल सोडलं, एका जुन्या कानशीचं टोकदार शेपूट त्या कड्यात ठोकून बसवलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत हळूहळू उलटं फिरवायला लागला. मधे थांबायचा, पुन्हा रॉकेल, पुन्हा दोन ठोके. मला करण्यासारखं काहीच नव्हतं. मी एकदा विचारलं, बॅटरी धरू का? भर उन्हात. तो म्हणाला, नको दाजी, तुम्ही बसा.

कडं निघालं, दुसरा प्लग बसला, आणि आम्ही निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मोहदरीच्या घाटात ट्रक असा काही चढला की मेहुण्यालाच संकोच वाटला. सहाच्या सहा सिलिंडर सुरात. मेहुणी आमच्या दोघांच्या मधे बसून पुढच्या रस्त्याकडे बघत होती.

नाशिकला पोचलो तर मुलाखती संपल्या होत्या. टेबलामागचा माणूस अजिबात उर्मट नव्हता. तिचं नाव तीनदा पुकारलं होतं, असं त्याने यादीत बोट ठेवून दाखवलं. मी म्हणालो, साहेब, गाडी बिघडली होती, उशिरा आलेल्यांसाठी काही सोय? हे वाक्य मला गेली सहा वर्षं रोज सकाळी कुणीतरी ऐकवत होतं. त्याचं उत्तर मला पाठ होतं. त्याने तेच दिलं, जवळजवळ माझ्याच आवाजात.

सासऱ्यांनी पुढच्या वर्षी बघू असं एकदा म्हणून पाहिलं, पण मनमाडकर थांबायला तयार नव्हते. वैशाखात लग्न झालं. मांडवात सासऱ्यांनी थोरला जावई म्हणून मला पुढे बोलावून टॉवेल-टोपी दिली. दोनशे माणसांसमोर मी ती टोपी घालून उभा राहिलो. नाही कसं म्हणायचं?

पाठवणीच्या वेळी नवरदेवाची जीप एकदा खोकून बंद पडली. दुसऱ्यांदाही तसंच. मांडवातल्या अर्ध्या माना माझ्याकडे वळल्या. कंपनीतले जावई ते. खरं सांगतो, ती जीप सुरूच होऊ नये असं मला फार वाटलं, आणि ते कसं घडवायचं हे त्या गर्दीत फक्त मला येत होतं. माझं एक पाऊल पुढे पडलंही असेल.

मेहुणीने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. रडून डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"दाजी," ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या."

मी हात मागे घेतले. तिसऱ्यांदा जीप सुरू झाली.