मेधाचं व्हिटॅमिन

मेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डबे पुसत होते. तिचा नवरा अजित एवढंच म्हणाला, "गेली गं..." आणि पुढच्या दहा मिनिटांत मी कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी केली. माझं असंच असतं, आधी यादी, मग रडणं. करोनाने अकरा दिवसांत नेली तिला. शोकसभा स्क्रीनवर झाली आणि इथल्या, नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या, आमच्या मराठी मंडळातला एकेक जण सांगत राहिला, "मेधा म्हणजे सदा हसतमुख!" मी माइक बंदच ठेवला. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती कोणात मिसळेना, तेव्हा याच माणसांनी तिला शिष्ट ठरवलं होतं. आज सहा आठवड्यांनी लिहिते आहे, कारण तिची मुलगी सई म्हणाली, "राइट इट, मावशी. ऑल ऑफ इट."

आमच्या मंडळात कोण भारतातून येतंय आणि कोणासाठी काय आणतंय, याची यादी मी ठेवते. येणाऱ्याच्या बॅगेत किती किलो जागा, कोणाचं मेतकूट, कोणाचं थायरॉइडचं औषध, सगळं ग्रॅममध्ये. मेधाची ओळ नऊ वर्षं एकच होती. पहिल्यांदा मी विचारलं होतं, "काय लिहू?" तर हसून म्हणाली, "लिही गं, व्हिटॅमिन डी. या देशात ऊन कुठंय?" इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळणारं व्हिटॅमिन ही बाई पुण्याहून का मागवते, असा प्रश्न मला, एवढ्या हिशेबी बाईला, कधी पडला नाही. किंवा पडू दिला नाही.

मग विमानं बंद झाली. तीन महिन्यांनी एक ओळखीचे गृहस्थ पुण्याहून निघाले. आमच्यासाठी पाच किलोच आणणार होते. मी ग्रुपवर लिहिलं, 'बीपी आणि थायरॉइड आधी. मेधाचं व्हिटॅमिन थांबू शकतं.' तिने त्यावर होकाराचा अंगठा टाकला. उरलेल्या वजनात मी कोणाचा तरी गोडा मसाला बसवला, गणपती जवळ आले होते म्हणून. मेधाच्या गोळ्या शंभर ग्रॅमसुद्धा भरल्या नसत्या. त्या पुण्यात तिच्या भावाच्या कपाटात राहिल्या, मसाला आला.

ऑगस्टमध्ये कालव्याकाठी आम्ही दोघी दीड मीटर अंतर ठेवून चाललो होतो. ती मध्येच थांबली. "मान वळवली ना, की डोक्यात वीज चमकते. झोप नाही. सईवर ओरडते नुसती." मग सांगितलं, त्या गोळ्या नैराश्यावरच्या होत्या. संपत आल्या तशा तिने अर्ध्या केल्या, मग एकदम बंद.

मी चिडले. "अगं, मग हाउसआर्ट्सकडे का नाही गेलीस? फॅमिली डॉक्टर कशाला असतो?"

"अजित म्हणतो, रेकॉर्डवर नको. नोकरी, परमिट..."

"आणि मला? मला तरी सांगायचंस!"

"तुझी यादी सगळे वाचतात गं."

 दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी विचारलं, आधी का नाही आलात? पुण्याची गोळी दोन औषधं एकत्र केलेली होती, तशी इथे मिळत नव्हती. नवी गोळी दिली, तिने मळमळ. पाच आठवड्यांनी ती बदलली. दुसरी लागू पडायला दिवाळी आली. त्या दिवाळीत तिने मला चकल्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "पाहिलंस? मोडल्या नाहीत. हात थरथरत नाहीत आता." महिन्याभरात तिला ताप आला.

तिला करोनाने मारलं, माझ्या यादीने नाही. सईने मला हे दोनदा सांगितलं. पण तिच्याकडे उरलेल्या थोड्या महिन्यांपैकी निम्मे मी एका मसाल्याच्या पाकिटासाठी खर्चून टाकले. ते कोणता डॉक्टर परत देणार?

आता विमानं थोडीफार सुरू आहेत. काल यादी उघडली. मेधाची ओळ तशीच आहे, पुसवत नाही. तिच्या खाली नवी नावं आली आहेत आणि त्यातल्या तिघांपुढे लिहिलंय, 'व्हिटॅमिन डी'. एक तर मेधाला शिष्ट म्हणणाऱ्यांपैकीच. मी कोणाला काही विचारलं नाही. तिन्ही ओळी उचलल्या आणि सगळ्यात वर नेऊन ठेवल्या.